उमरेडच्या वाटेवर : रेल्वेने एका दिवसाची सहल कशी आखावी?

नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या इतवारी स्थानकातून नागभीडकडे जाणारी छोटी गाडी शेवटची धावली, तेव्हा तिला निरोप देण्यासाठी मार्गावरच्या गावोगावी माणसे जमली होती. १९०८ साली सुरू झालेला हा अरुंदमापी मार्ग १११ वर्षे कुही, उमरेड, भिवापूर या गावांना नागपूरशी जोडत होता. दूधवाले, भाजीविक्रेत्या बाया, कॉलेजातली मुले आणि नागपूरच्या मेडिकलमध्ये उपचारासाठी निघालेले रुग्ण हे या गाडीचे नेहमीचे उतारू. सहलीसाठी बसणारा शहरी माणूस त्यांच्यात क्वचितच असे. गाडी बंद होण्याची तारीख जाहीर झाली तेव्हा मात्र शहरातील हौशी मंडळी कॅमेरे घेऊन आली आणि आपल्या दारात इतका सुंदर प्रवास होता हे अनेकांना त्या दिवशी कळले.

सुटीचा बेत म्हटला की आजही शहरातील कुटुंबांच्या डोळ्यांपुढे विमान, महागडे हॉटेल आणि दूरचे थंड हवेचे ठिकाण येते. रेल्वेने सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशी सहल मात्र आपल्याकडे अजून पुरेशी रुजलेली नाही. तिला खर्च थोडा लागतो, वाहन चालवण्याचा शीण नसतो आणि मुलांना खिडकीतून बाहेर पाहता येते. फक्त तिचे नियोजन वेगळ्या रीतीने करावे लागते. उमरेड आणि त्याच्या आसपासचा प्रदेश हे त्याचे उत्तम उदाहरण. येथे इतिहास, जंगल, नदी, खाण आणि नाटक ही सारी एका दिवसाच्या टप्प्यात आहेत. मात्र ती रेल्वे, एसटी आणि पायपीट यांची सांगड घातल्याशिवाय हाती लागत नाहीत.

कोळशाला मोठी लाइन, माणसांना छोटी

हा मार्ग बंगाल नागपूर रेल्वेने बांधला. सातपुडा आणि वैनगंगेच्या खोऱ्यात या कंपनीने टाकलेल्या अरुंदमापी रेल्वेच्या जाळ्याचा तो एक भाग होता. दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. रुंदमापी मार्गावर हेच अंतर १६७६ मिलिमीटर असते. रूळ जवळ असले की वळणे तीव्र घेता येतात, पूल आणि भराव लहान पुरतात, इंजिन आणि डबेही हलके चालतात. साहजिकच बांधणीचा खर्च पुष्कळ कमी होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी, लागोपाठच्या दुष्काळांनी खिळखिळ्या झालेल्या मध्य प्रांतात, जंगलाचा आणि शेतीचा माल बाहेर काढण्यासाठी हा स्वस्त उपाय सोयीचा ठरला.

त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी वेळेच्या रूपाने चुकवली. शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरांच्या या प्रवासाला चार ते पाच तास लागत. डबे लहान, गती मंद आणि माल एका मापाच्या गाडीतून दुसऱ्या मापाच्या गाडीत चढवण्याचा त्रास वेगळाच. नागभीडवरून जाणारा गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला. नागपूर–छिंदवाडा मार्गावरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली. उमरेडची गाडी मात्र त्यानंतरही चार वर्षे तशीच डुलत राहिली.

यात एक विसंगती होती. उमरेडच्या कोळसा खाणीसाठी बुटीबोरीहून उमरेडपर्यंत रुंदमापी मार्ग आधीपासूनच आहे. पण तो मालगाड्यांचा. उमरेडचा कोळसा मोठ्या लाइनीने बाहेर जात होता आणि त्याच गावातील माणसे छोट्या लाइनीने. इतवारी–नागभीड रुंदीकरणाची मागणी इतकी वर्षे जिवंत राहिली, तिच्यामागे हे रोज डोळ्यांना दिसणारे वास्तव होते. हे काम महाराष्ट्र रेल इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन म्हणजे 'महारेल'कडे सोपवण्यात आले आणि त्यासाठीच २०१९ मध्ये छोटी गाडी थांबवण्यात आली.

उमरेडला पोहोचण्याच्या वाटा

उमरेडची सहल आखताना पहिला प्रश्न येतो तो कोठून आत शिरायचे हा. त्याला तीन उत्तरे आहेत.

पहिली वाट नागपूरची. मुंबई, पुणे, हैदराबाद, दिल्ली, कोलकाता या सर्व दिशांच्या गाड्या नागपूर स्थानकावर येतात. तेथून उमरेड रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर. गणेशपेठच्या मध्यवर्ती बसस्थानकातून उमरेड, भिवापूर, नागभीडकडे एसटी बसेस जातात. महिलांना एसटीच्या तिकिटात २०२३ पासून ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवासाची सोय आहे. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० मध्ये बंद झाल्यामुळे, आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबाने या दोन्ही गोष्टी खर्चाच्या हिशेबात धराव्यात.

दुसरी वाट नागभीडची. गोंदिया आणि चंद्रपूर–बल्लारशाह या दोन टोकांना जोडणाऱ्या रुंदमापी मार्गावरचे हे जंक्शन आहे. गोंदियाकडून किंवा दक्षिणेकडून येणाऱ्यांना नागपूरचा वळसा न घेता येथे उतरता येते. नागभीडहून भिवापूर आणि उमरेड एकाच महामार्गावर आहेत.

तिसरी वाट नव्या रुंदमापी मार्गाची. त्याचे काम टप्प्याटप्प्याने होत आले आहे, आधी इतवारी ते उमरेड आणि पुढे उमरेड ते नागभीड. त्यामुळे प्रवासाच्या आठवड्यात कोणती गाडी कोणत्या स्थानकापर्यंत आहे, हे रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकावर किंवा अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच बेत पक्का करावा. शोधताना एक बाब लक्षात ठेवावी. रेल्वेच्या नोंदीत जुन्या इंग्रजी वर्णलेखनामुळे उमरेडचे नाव 'उमरेर' आणि नागभीडचे 'नागभीर' असे येते. इतवारी स्थानकाच्या नावाआधीही आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव जोडलेले आहे. स्थानकाचे नाव मिळत नाही म्हणून गाडीच नाही, असा समज करून घेऊ नये.

आधी नागपूरचा एक दिवस

बाहेरगावहून येणाऱ्यांनी नागपूरला मुक्काम ठेवून एक दिवस शहराला आणि एक किंवा दोन दिवस आसपासच्या सहलींना द्यावेत. मुक्काम रेल्वेस्थानक, सीताबर्डी किंवा गणेशपेठ या पट्ट्यात असला तर पहाटेची गाडी आणि बस दोन्ही हाताशी राहतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'माझी मेट्रो'च्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. पूर्व–पश्चिम मार्गिकेवर नागपूर रेल्वेस्थानक आहे, तर उत्तर–दक्षिण मार्गिकेवर झिरो माइल, अजनी चौक आणि विमानतळ.

नागपूर स्थानकाची दगडी इमारत जानेवारी १९२५ मध्ये वापरात आली. गाडीतून उतरून घाईने बाहेर पडण्यापूर्वी ती एकदा समोरून पाहावी. तेथून जवळच असलेला झिरो माइलचा स्तंभ १९०७ चा. देशाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी त्याचे नाते आहे. १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय नागपूरकरांना 'अजब बंगला' या नावानेच ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली ती दीक्षाभूमी तर देशाच्या इतिहासातील महत्त्वाचे स्थान. तेथे घाईने न जाता निवांत वेळ काढावा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास लाखो अनुयायी येतात. त्या दिवसांत गाड्यांना मोठी गर्दी असते, हे लक्षात घेऊन आरक्षण करावे.

उमरेडच्या वाटेवर निघण्यापूर्वी कडबी चौकाजवळ मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय अवश्य पाहावे. डिसेंबर २००२ मध्ये खुले झालेल्या या संग्रहालयात छोट्या लाइनीची वाफेची इंजिने, डबे, सिग्नलची साधने आणि जुनी यंत्रे जपलेली आहेत. ज्यांच्या आजोबांनी त्या डब्यांतून प्रवास केला, त्या मुलांना येथे अडीच फुटांचा रूळ म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा लवकर समजते. बहुतेक संग्रहालयांना सोमवारी सुटी असते. म्हणून शहरदर्शनाचा दिवस सोमवारी ठेवू नये.

खाण्याच्या बाबतीत नागपूर उदार आहे. सकाळी तर्री पोहे, दुपारी पाटोडी रस्सा किंवा गोळाभात, हिवाळ्यात सांबारवडी आणि घरी नेण्यासाठी संत्रा बर्फी. येथे 'सांबार' म्हणजे कोथिंबीर, हे पश्चिम महाराष्ट्रातील पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. सावजी रस्सा ज्यांना सोसत नाही त्यांनी पुढच्या दिवशी सहा तासांचा प्रवास असताना त्याचा प्रयोग करू नये.

उमरेड : हातमाग, खाण आणि मिरची

उमरेड हे तालुक्याचे ठिकाण. कोळशामुळे त्याचे नाव गेल्या काही दशकांत सर्वदूर झाले. पण त्याआधी ते कोष्ट्यांच्या हातमागांसाठी प्रसिद्ध होते. रेशमी काठांची धोतरे हा येथील विणकामाचा विशेष. गिरण्यांच्या कापडापुढे हा धंदा आक्रसत गेला आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या खाणींनी गावाला दुसरी ओळख दिली. खाण परिसरात परवानगीशिवाय प्रवेश नसतो. रस्त्यावरून दिसणारे मातीचे उंच ढिगारे पाहूनही जमीन किती खोलवर उलथली गेली आहे याची कल्पना येते. गावातील जुना भाग पायी फिरून पाहण्यासारखा आहे. दोन तासांत तो होतो, आणि बाजाराच्या दिवशी गेल्यास भोवतालच्या खेड्यांची नाडी हाताला लागते.

पुढचे भिवापूर मिरचीचे गाव. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. गडद लाल रंग आणि बेताचा तिखटपणा यामुळे मसाल्याच्या व्यापारात तिला मान होता. हंगामात येथील 'सातऱ्यां'वर शेकडो स्त्रिया दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात. दूरच्या भागातून आलेली मिरचीही येथे देठ काढण्यासाठी उतरते. छायाचित्रासाठी हे दृश्य मोहक असले तरी डोळ्यांत आणि श्वासात जाणारी धूळ तेथील बायांना रोज सोसावी लागते. आत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी, मजुरांचे फोटो विचारूनच काढावेत आणि लहान मुलांना किंवा दम्याच्या रुग्णांना तेथे नेऊ नये. मिरची घ्यायची तर अस्सल भिवापुरी वाण आहे का, हे विचारून घ्यावे. कारण गावात विकली जाणारी प्रत्येक मिरची गावची नसते.

कऱ्हांडला : वाघाच्या घरी पाहुणा

उमरेडचे नाव आज देशभर पोहोचले आहे ते वाघांमुळे. २०१२ मध्ये घोषित झालेले उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य सुमारे १८९ चौरस किलोमीटरचे असून ते नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत पसरले आहे. कऱ्हांडला, गोठणगाव आणि पवनी ही त्याची परिचित प्रवेशद्वारे. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' नावाचा भव्य वाघ २०१३ मध्ये शेते, रस्ते आणि गावे ओलांडून येथे आला आणि अभयारण्याकडे पर्यटकांची रीघ लागली. एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. पुढे त्याचा बछडा 'श्रीनिवास' २०१७ मध्ये नागभीड परिसरात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने मरण पावला.

या दोन घटना सहलीला निघणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात, कारण त्या या प्रदेशाचे स्वरूप सांगतात. हे जंगल मोठ्या अरण्याचा गाभा नाही. ताडोबा, घोडाझरी, पेंच, नागझिरा या जंगलांना जोडणाऱ्या शेताजंगलाच्या पट्ट्यातील ते विसाव्याचे ठिकाण आहे. वाघ येथून ये-जा करतात आणि त्यांच्या वाटेवर माणसांची शेते, महामार्ग आणि रेल्वेमार्ग आहेत. गोंदिया–चांदा फोर्ट मार्गावर नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. छोटी गाडी ताशी २५–३० किलोमीटरने जात असे तेव्हा वन्यजीवांना बाजूला होण्यास अवधी मिळे. वेगवान गाड्यांच्या मार्गावर त्यांच्यासाठी भुयारी वाटा, कुंपणे आणि वेगमर्यादा लागतात. उमरेड–नागभीड टप्प्याच्या रुंदीकरणात हा विषय वारंवार पुढे आला त्याचे कारण हेच.

पर्यटकांचीही जबाबदारी यातून सुटत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव परिसरात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांच्या गराड्यात अडकले. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि संबंधित वाहनचालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. गाडी वाघाजवळ न्या म्हणून चालकावर दबाव आणणारे बहुधा गाडीत बसलेले पाहुणेच असतात. 'वाघ दिसला नाही तर पैसे वाया' हा हिशेब घरीच ठेवून यावा. सागाची पाने, गवताळ माळ, नीलगाय, रानगवे, चितळांचे कळप आणि पक्षी हे सारे तिकिटातच धरलेले असते.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात अशा. सफारीचे आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे आणि मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, सफारी बंद असते. आठवड्यातील सुटीचा दिवस आरक्षणाच्या वेळी तपासावा. सकाळची फेरी पहाटे सुरू होत असल्यामुळे त्याच दिवशी रेल्वेने येऊन ती गाठणे अवघड असते. एका दिवसात परतायचे असेल तर दुपारची फेरी घ्यावी आणि प्रवेशद्वारापासून परतीचे वाहन आधीच ठरवून ठेवावे. स्थानकापासून अभयारण्याच्या दारापर्यंत नियमित बस मिळेल या भरवशावर राहू नये.

कुही, आंभोरा, पवनी : नदीकाठचा इतिहास

ज्यांना जंगलाची ओढ नाही त्यांच्यासाठी कुही तालुका आहे. आज साध्या शेतकरी गावांचा वाटणारा हा टापू दोन हजार वर्षांपूर्वी गजबजलेला होता. अडम येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात तटबंदी असलेल्या सातवाहनकालीन नगराचे अवशेष मिळाले. मांढळ येथे नागपूर विद्यापीठाने १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात वाकाटककालीन मंदिरांचे अवशेष आणि विलक्षण शैव मूर्ती सापडल्या. तेथील ताम्रपटांनी वाकाटकांच्या इतिहासात मोलाची भर घातली. प्रत्यक्ष स्थळी आज मातीचे उंचवटेच अधिक दिसतात. त्यामुळे आधी थोडे वाचून किंवा जाणकाराला सोबत घेऊन जावे, नाहीतर पदरी निराशा येते.

आंभोरा मात्र पाहताक्षणी मन जिंकते. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा हा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आणि हरिनाथांची समाधी आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' हा ग्रंथ येथे रचला, अशी या भागातील परंपरा. मराठवाड्यातील अंबाजोगाईही त्यावर हक्क सांगते. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८, असा सांगितला जातो. संगमावर आता झुलत्या तारांचा नवा पूल उभा राहिला आहे आणि तो पाहण्यासाठीच गर्दी होते. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यामुळे येथील पात्र अथांग झाले आहे. काठावर उथळ दिसणारे पाणी फसवे असल्याने पोहण्याचा मोह टाळावा. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाच्या पाण्याखाली अनेक गावे गेली, हेही त्या निळ्या विस्ताराकडे पाहताना विसरू नये.

पवनी हे वैनगंगाकाठचे प्राचीन नगर. १९६९–७० मध्ये येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन होऊन बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि लेख कोरलेले स्तंभ उजेडात आले. गावाचा तट, घाट आणि असंख्य मंदिरे पाहण्यास अर्धा दिवस लागतो.

नागभीड आणि पुढे झाडीपट्टी

नागभीडला उतरल्यास घोडाझरीचा तलाव हाकेच्या अंतरावर आहे. ब्रिटिश काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव टेकड्यांच्या कुशीत असून त्याभोवतीच्या जंगलाला २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. याच तालुक्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने 'एचएमटी' हे भाताचे वाण निवडीतून तयार केले. घड्याळाच्या नाममुद्रेवरून नाव पडलेला हा तांदूळ देशभर खाल्ला जातो. त्याचे जनक २०१८ मध्ये निवर्तले, तेव्हा कित्येकांना ते प्रथमच ठाऊक झाले. नागभीडच्या बाजारात तांदूळ घेताना ही आठवण ठेवावी.

गोंदियाच्या दिशेने पुढे गेल्यावर वडसा हे गडचिरोली जिल्ह्यातील रेल्वेस्थानक लागते. झाडीपट्टी रंगभूमीचे हे केंद्र. दिवाळीनंतर धान घरात आले की होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटके चालतात. नाटक कंपन्यांची कार्यालये वडशात आहेत आणि हंगामाच्या तारखा तेथेच ठरतात. या रंगभूमीवरील कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ही सहल मात्र एका दिवसाची राहत नाही. नाटक पहाटे संपते आणि परतीची गाडी सकाळची धरावी लागते. गरम कपडे, जाड सतरंजी आणि जागण्याची तयारी असेल तरच हा बेत करावा.

उमरेडकरांनी कोठे जावे?

सहलीची वाट दोन्ही बाजूंनी चालते. उमरेड, कुही, भिवापूरच्या कुटुंबांना नागपूर गाठून दोन सुंदर रेल्वे सहली करता येतात.

पहिली रामटेक. इतवारीहून कामठी, कन्हानमार्गे जाणाऱ्या रामटेकच्या लोकल गाड्या मोजक्याच आहेत. म्हणून जाण्याआधी परतीची वेळ पाहावी. गडावरील राममंदिर, अंबाळा तलाव, वाकाटककालीन केवल नरसिंह मंदिर आणि कालिदास स्मारक एका दिवसात होते. वेळ उरल्यास नगरधनचा किल्ला पाहावा. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. चंद्रगुप्त द्वितीयाची कन्या प्रभावतीगुप्ता हिने आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावे येथूनच राज्य चालवले.

दुसरी सेवाग्राम. नागपूरहून मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या अनेक गाड्या सेवाग्राम किंवा वर्धा येथे थांबतात आणि सुमारे सव्वा तासात पोहोचवतात. १९३६ पासून गांधीजींचे वास्तव्य असलेला आश्रम, बापूकुटी, वर्ध्याचे मगन संग्रहालय आणि धाम नदीकाठचा विनोबांचा पवनार आश्रम यांना एक पूर्ण दिवस द्यावा. दुपारचे जेवण आश्रमाच्या परिसरातच साधे, सात्त्विक मिळते.

नियोजनाची काही सूत्रे

रेल्वेने एका दिवसाची सहल आखताना परतीच्या गाडीपासून सुरुवात करावी. शेवटची गाडी कोणती हे आधी ठरवून तिच्या आधीची गाडी परतीसाठी धरावी. शेवटची गाडी अडचणीसाठी राखून ठेवावी. जेथे दिवसातून एकच गाडी आहे, तेथे परतीसाठी एसटीची वेळ लिहून घ्यावी.

दोनशे किलोमीटरच्या आतील अनारक्षित तिकीट प्रवासाच्या दिवशीच काढायचे असते. काढल्यापासून तीन तासांच्या आत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. त्यामुळे सकाळीच परतीचे तिकीट काढून ठेवण्यात अर्थ नाही. मोबाइलवरून तिकीट काढण्याची सोय आहे. मात्र लहान स्थानकांवर नेटवर्क दगा देते, म्हणून सुटे पैसे जवळ असावेत. पॅसेंजर किंवा मेमूचे तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये बसल्यास दंड होतो, हेही मुलांना समजावून सांगावे.

एका दिवसात दोनपेक्षा अधिक ठिकाणे ठेवू नयेत. नकाशावर आंभोरा, कऱ्हांडला आणि पवनी जवळजवळ दिसतात. पण स्थानक ते स्थळ हे शेवटचे दहा-पंधरा किलोमीटरच दिवस खातात. चार-सहा जणांचा गट असेल तर उमरेड किंवा कुहीहून दिवसभरासाठी वाहन ठरवणे किफायतशीर पडते. भाडे, थांबे आणि परतीची वेळ निघण्यापूर्वीच बोलून घ्यावी.

ऋतूचे भान सर्वांत महत्त्वाचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या भागातील उत्तम काळ. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी दुपारी बारा ते चार उघड्यावर राहू नये, डोक्याला दुपट्टा बांधावा आणि प्रत्येकाजवळ स्वतःची पाण्याची बाटली असावी. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन रस्ते बंद होतात, तेव्हा नदीकाठच्या सहली टाळाव्यात.

गाडी कोणासाठी?

रुंदमापी मार्गाने उमरेड नागपूरच्या खूप जवळ येईल, यात शंका नाही. चार-पाच तासांच्या डुलत्या प्रवासाची जागा त्याच्या अंशाने लागणारा प्रवास घेतो, तेव्हा सुटीच्या दिवशी शहर उमरेडकडे वळणारच. परंतु २०१९ मध्ये गाडी थांबली त्या दिवशी ज्यांचे रोजचे जगणे अडले ते सहलीचे प्रवासी नव्हते. त्यांनी पुढची वर्षे जास्त भाडे देऊन बसने आणि काळीपिवळीने काढली. नव्या गाडीच्या वेळा कॉलेज, कचेरी आणि दवाखाना यांना जुळल्या, थांबे लहान गावांना मिळाले आणि तिकीट त्यांच्या खिशाला परवडले, तरच त्या रुंद रुळांचे चीज होईल.

सहलीला निघालेल्या शहरी प्रवाशाने त्याच गाडीत आपली जागा बेताने घ्यावी. मिरचीची पोती, दुधाचे कॅन आणि शाळेची दप्तरे यांना आधी चढू द्यावे. भिवापूरची मिरची आणि नागभीडचा तांदूळ शक्यतो तेथेच विकत घ्यावा, म्हणजे सहलीचा पैसा त्या गावांत राहतो. आणि उमरेड सोडल्यावर खिडकीबाहेर जंगल दिसू लागले की चिवड्याची रिकामी पिशवी बाहेर न टाकता खिशात ठेवावी; कारण अन्नाच्या वासाने रुळांजवळ आलेल्या चितळामागे वाघही येतो.